रेझिनच्या पेंडंटमध्ये फूल तपकिरी पडत होते, ते असे थांबवले

रेझिन म्हणजे हार्डनर हे दुसरे द्रव मिसळल्यावर काचेसारखे घट्ट होणारे द्रव. त्यात बसवलेल्या फुलाच्या पाकळीभोवती चंदेरी बुडबुडे आणि आठवड्याभरात काळपट कडा, ही दोन्ही लक्षणे बहुतेक वेळा फुलात राहिलेल्या ओलाव्याची. सोलापूरच्या मे महिन्यात फूल वरून चार दिवसांत कुरकुरीत लागते, पण देठाजवळचा जाड भाग ओलाच असतो. म्हणून सदाफुली, बोगनवेल अशी पातळ फुलेच घ्यावीत. शेवंती अख्खी न दाबता पाकळ्या सुट्ट्या करून दाबाव्यात. दव सुकल्यावर तोडून टीपकागदात ठेवायची, वर जड पुस्तके, पहिले तीन दिवस कागद रोज बदलायचा. दोन ते तीन आठवडे पुरतात. पावसाळ्यात त्यानंतर एक दिवस ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद डब्यात.

तरी बुडबुडे येत होते, कारण पाकळीच्या सुरकुत्यांत हवा अडकते. आता फूल साच्यात ठेवण्याआधी ब्रशने दोन्ही बाजूंना रेझिनचा पातळ हात देते आणि तो चिकटसर झाल्यावरच ताजे कालवलेले रेझिन ओतते. यानेच सर्वांत जास्त फरक पडला.

रेझिन-हार्डनरचे प्रमाण बाटलीवर असेल तेच. ते वजनाने आहे की मापाने, हे नीट वाचा. अंदाजाने मिसळले तर पेंडंट कायम चिकट राहते. चाळीस अंशांच्या दुपारी मिश्रण भांड्यातच तापून घट्ट होते, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे, एका वेळी २०-३० ग्रॅमच कालवावे. कडी लावायचे भोक तीन दिवसांनी पाडा.