‘टाइम’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? आधी मराठीत विचारा

माझ्या संध्याकाळच्या बॅचमधल्या एका मुलाला मेक्सिकोच्या क्लायंटकडे मीटिंग किती वाजता हे विचारायचं होतं. ‘के तिएंपो...’ एवढ्यावर गाडी अडली. पलीकडच्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘नुब्लादो.’ ढगाळ.

तिएंपो म्हणजे वेळ आणि तिएंपो म्हणजे हवामानही. पण खरी अडचण ‘टाइम’ची. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं नाम हेच, असं ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 2006 साली जाहीर केलं होतं. त्या एकट्याच्या गळ्यात जेवढी कामं आहेत, तेवढी स्पॅनिशने तिएंपो, ओरा, बेस, रातो, एपोका अशी वाटून दिली आहेत.

मीही आधी इंग्रजीवरूनच जायचे. स्पेनमधल्या वायादोलिद शहरात एका औषधाच्या दुकानात, गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची म्हणून ‘क्वांतोस तिएंपोस’ विचारलं. काउंटरमागच्या आजोबांनी ‘क्वांतास बेथेस, इहा’ (किती वेळा, पोरी) असं सुधारलं आणि खोक्यावर तीन रेघा ओढून दिल्या. (स्पेनमध्ये बेथ, लॅटिन अमेरिकेत बेस. पुढे मी दुसराच उच्चार देते.) परतताना वाटलं, ‘किती वेळ’ आणि ‘किती वेळा’ यांत मी जन्मात कधी घोळ घातला नाही, मग इथेच का घालतेय?

तेव्हापासून माझी रीत ठरली. इंग्रजी वाक्य बाजूला ठेवायचं, तेच मराठीत म्हणायचं आणि ‘वेळ’चं लिंग बघायचं.

‘माझा वेळ गेला’, म्हणजे तो वेळ: तिएंपो. ‘वेळ नाही’ म्हणजे ‘नो तेंगो तिएंपो’. ‘जेवणाची वेळ झाली’, म्हणजे ती वेळ: ओरा. ‘एस ओरा दे कोमेर.’ (स्पेलिंगच्या सुरुवातीचा एच मुका.) आणि ‘तीन वेळा’ म्हणजे ‘त्रेस बेसेस’. आपल्याकडे ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ म्हणतात ना, तीही ‘ती’ वेळच. स्पॅनिशमध्येही कुणाची घटका भरली की ‘ले येगो ला ओरा’.

घड्याळात तर मराठी माणसाला शिकायला फारसं उरतच नाही. ‘एक वाजला’ एकवचनी, ‘दोन वाजले’ अनेकवचनी. तसंच ‘एस ला उना’, ‘सोन लास दोस’. इंग्रजीतून येणारे हमखास इथे चुकतात. ‘दीड वाजला’ आणि ‘अडीच वाजले’ हा फरकही जसाच्या तसा: ‘एस ला उना इ मेदिया’, ‘सोन लास दोस इ मेदिया’. पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी, आणि स्पेनमध्ये म्हणतात ‘लास क्वात्रो मेनोस क्वार्तो’, चार उणे पाव! मेक्सिकोत मात्र ‘क्वार्तो पारा लास क्वात्रो’, चाराला पाव बाकी.

‘मघाशी’ला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणायचं, हे मला अजून सापडलेलं नाही. स्पॅनिशमध्ये ‘आसे उन रातो’ म्हटलं की झालं. रातो म्हणजे आपलं घटकाभर.

ही युक्ती काही ठिकाणी दगा देते. ‘त्या वेळी’ स्त्रीलिंगी दिसतं, पण गेल्या जमान्याबद्दल बोलत असाल तर ओरा नको; ‘एन आकेया एपोका’ म्हणा. पाढे म्हणताना यांतला एकही शब्द लागत नाही: बे त्रिक सहा म्हणजे ‘दोस पोर त्रेस, सेइस’. फुटबॉलच्या पूर्वार्धाला ‘प्रिमेर तिएंपो’ म्हणतात, ते पाठच करा. आणि ‘गुड टाइम’चं शब्दशः ‘बुएन तिएंपो’ करून पार्टीचे आभार मानलेत, तर यजमानांना वाटेल तुम्ही छान हवेबद्दल बोलताय. मजा आली म्हणायला मेक्सिकोत ‘ला पासे बिएन’, स्पेनमध्ये ‘लो पासे बिएन’. तसं काळ आणि हवा एकाच शब्दात कोंबल्याबद्दल आपण त्यांना हसू नये. उन्हाळा, पावसाळ्यातही काळच दडलाय.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी नीट विचारलं: ‘आ के ओरा एस ला रेउनिओन?’ उत्तर आलं, ‘आ लास त्रेस इ मेदिया.’ खूश होऊन त्याने मला मेसेज टाकला. मेक्सिको सिटीतले दुपारचे साडेतीन म्हणजे आपले पहाटेचे तीन, हे मलाच त्याला सांगावं लागलं.