बेसबॉल कार्डांचा सेट अदलाबदलीनं पुरा करायचा असेल तर

टॉप्स ही अमेरिकन कंपनी बेसबॉल खेळाडूंची फोटो असलेली कार्डं पाकिटांतून विकते. तिच्या १९८७ सालच्या सेटमध्ये ७९२ कार्डं आहेत. पाकिटं फोडत बसून तो पुरा करायचा म्हटलं, तर संभाव्यतेच्या गणितानं सरासरी ५,७०० च्या वर कार्डं हाताखालून जावी लागतात. पाकिटात १७ कार्डं, खोक्यात ३६ पाकिटं. म्हणजे नऊ खोकी संपवून दहावं उघडायचं. शेवटच्या एका कार्डासाठीच सरासरी ७९२ कार्डं! हे गणित मी केलं ते चौथं खोकं रिकामं झाल्यावर. तेव्हा डायनिंग टेबलावर एकाच खेळाडूची सात कार्डं पडली होती आणि दीडएकशे नंबरांचा पत्ता नव्हता.

तयार सेट चार माणसांच्या जेवणाच्या पैशांत मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो खुशाल विकत घ्यावा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी इतकी बेसुमार कार्डं छापली की त्या काळाला अमेरिकेतले संग्राहक ‘जंक वॅक्स’, म्हणजे मेणकागदी पाकिटांतला कचरा, म्हणतात. त्यात श्रीमंत होण्यासारखं काही नाही. मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धांत, खेळायचा तेव्हा इथे ओहायोत एका गराज सेलमधून बुटांच्या खोक्यातली कार्डं त्याच्यासाठी घेतली. तो कॉलेजला गेला, कार्डं माझ्याकडे राहिली. लहानपणी काड्यापेटीचे छाप जमवलेल्या बाईला पुढचं सांगावं लागत नाही.

कार्डं पाठीवरच्या नंबरानं आधी शंभराच्या गठ्ठ्यांत आणि मग दहाच्या गठ्ठ्यांत लावा. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

नोंदीसाठी मी ट्रेडिंग कार्ड डेटाबेस ही साइट वापरते. तिथे सेटची यादी तयार असते. ‘आहे’, ‘हवं’ आणि ‘द्यायचं’ अशा खुणा केल्या की कोणाकडचं काय आपल्याशी जुळतं ते साइटच दाखवते. ‘एक्सेलमध्ये लिहून ठेवा, पुरे’ असा सल्ला देणाऱ्यांनी कधी अदलाबदल केलेली नसते. तुमच्या लॅपटॉपातली यादी वाचून कॅन्ससमधला माणूस तुम्हाला कार्ड पाठवणार आहे का?

आता खरी मेख. कार्ड नेमकं कोणतं, हे ओळखणं. इथे मी पुरतं एक वर्ष वाया घालवलंय, म्हणून इथे सावकाश चला.

पहिला नियम: कार्ड उलटं करा. समोरचा फोटो फसवतो. फोननं फोटो काढून कार्ड ओळखणारी ॲप्स असतात, तीही मुख्यतः समोरचीच बाजू बघतात. माझ्या अनुभवात जुन्या कार्डांच्या बाबतीत त्यांचा उपयोग शून्य. १९८७ च्या टॉप्सची चौकट लाकडी फळीसारखी दिसते. ‘लाकडी चौकट म्हणजे ८७’ असं मला कोणीतरी सांगितलं आणि मी तसं भरत गेले. पण लाकडी चौकट १९६२ च्या टॉप्सलाही आहे. शिवाय २०२२ मध्ये टॉप्सनं ३५ वर्षं झाली म्हणून तीच चौकट पुन्हा छापली. त्या कार्डांचे नंबर ‘टी८७’नं सुरू होतात. खेळाडू आजचा, चौकट आईबापांच्या काळातली.

साल ठरवायचं ते पाठीवरच्या आकड्यांवरून. खेळाडूच्या कामगिरीच्या तक्त्यात शेवटची ओळ १९८६ ची असेल, तर कार्ड बहुधा १९८७ च्या सेटचं. तळाशी बारीक अक्षरांत कॉपीराइटचं साल असतं, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. काही कंपन्यांच्या कार्डांवर ते एक वर्ष मागचं असतं. तक्ता आणि कॉपीराइट दोन्ही बघा. पटत नसेल तर साइटवरचा पाठीचा फोटो शेजारी ठेवून ताडा.

मग नंबर, आणि नंबराला चिकटलेलं अक्षर. त्या अक्षरानं मला रडवलंय. १९८७ च्या मोसमात संघ बदललेल्या आणि नव्यानं आलेल्या खेळाडूंसाठी टॉप्सनं ‘ट्रेडेड’ नावाचा १३२ कार्डांचा वेगळा सेट काढला. चौकट तीच, रंग तेच. ओळखायची खूण म्हणजे पाठीवर नंबरानंतर इंग्रजी टी असतो. मी घाईघाईनं नुसते आकडे भरत होते. एकानं माझ्या ‘द्यायच्या’ यादीतलं ७० नंबरचं कार्ड मागितलं, मी पाकिटात घालून पाठवून दिलं. ते होतं ७०टी, म्हणजे ग्रेग मॅडक्सचं पहिल्या वर्षातलं कार्ड, त्या सेटमधल्या सर्वांत मागणी असलेल्यांपैकी एक. समोरचा माणूस सज्जन निघाला. ‘बाई, हे चुकून आलंय’ अशी चिठ्ठी लावून त्यानं ते परत पाठवलं. दर वेळी असा माणूस भेटेल असं समजू नका. त्या रात्री मी सगळी कार्डं पुन्हा उलटी केली.

सारखी दिसणारी आणखी दोन भावंडं आहेत. कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीची कार्डं टॉप्ससारखीच असतात, पण पाठीवर इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर असतो. १९८७ चा त्यांचा सेट ३९६ कार्डांचा, त्यामुळे नंबरही जुळत नाहीत. फ्रेंच दिसलं की वेगळा गठ्ठा करा. दुसरं टॉप्सचीच ‘टिफनी’ नावाची आवृत्ती: समोरून जास्त चकचकीत आणि पाठ स्वच्छ पांढरी. नेहमीच्या टॉप्सची पाठ करड्या, मळकट पुठ्ठ्याची असते. दोन्ही शेजारी धरली की कळतं, एकटं धरलं की नाही.

त्यानंतर छपाईतल्या चुका. १९८८ च्या टॉप्समध्ये १८ नंबरच्या अल लायटरच्या कार्डावर आधी स्टीव्ह जॉर्जचा फोटो छापला गेला आणि मग दुरुस्त झाला. १९९० च्या टॉप्समध्ये ४१४ नंबरच्या फ्रँक थॉमसच्या काही कार्डांवर समोर नावच नाही. आणि फ्लीअर या दुसऱ्या कंपनीच्या १९८९ च्या सेटमध्ये ६१६ नंबरच्या बिली रिपकनच्या हातातल्या बॅटच्या टोकावर चक्क शिवी लिहिलेली होती. ती कंपनीनं कधी खरडून, कधी पांढरा रंग मारून, कधी काळा चौकोन छापून झाकली. प्रत्येक प्रकार यादीत स्वतंत्र असतो. माझं मत ठाम आहे: एका नंबराचं एक कार्ड मिळालं की मूळ सेट पुरा. हे प्रकार गोळा करायचे असतील तर दुसरी यादी करा. दोन्ही एकत्र केलंत तर सेट आयुष्यात पुरा होणार नाही आणि दोष तुमचा असेल.

अलीकडच्या कार्डांची तऱ्हा आणखी वेगळी. तोच नंबर, तोच खेळाडू, पण फोटो निराळा. टॉप्सच्या नव्या कार्डांवर पाठीमागे अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कोड असतो. त्याचे शेवटचे काही अंक साध्या कार्डाहून वेगळे असतील, तर ते दुर्मीळ रूप. भिंग घ्या, लाजू नका. सोनेरी चौकट असेल तर पाठीवर छापलेला आकडा बघा. २०१९ च्या सोनेरी कार्डाच्या २,०१९ प्रती निघाल्या, दर वर्षी सालाएवढ्या. असं कार्ड साध्या कार्डाच्या बदल्यात देऊन बसू नका.

ओळख पटली की उरलेलं सोपं आहे.

अवस्था खरी लिहा. टॉप्सच्या पाकिटात १९९१ पर्यंत च्युइंगगम असायचं, त्यामुळे जुन्या पाकिटातल्या एखाद्या कार्डावर गमचा किंवा मेणाचा डाग हमखास असतो. कोपरे दबलेले असतील तर तसं सांगा. डबल कार्डं वेगळ्या खोक्यात नंबरानं लावा. मागणी आल्यावर ती शोधत बसणं म्हणजे शिक्षा.

प्रस्ताव पाठवताना कार्डागणिक नंबर लिहा, ‘तुमची दहा, माझी दहा’ असं मोघम नको. साध्या कार्डांना एकास एक. पैशांत भाव करायला बसणाऱ्यापासून लांब राहा. दहा सेंटच्या कार्डावर तो चार दिवस घालवतो. नव्या माणसानं आधी पाठवायचं, हा रिवाज आहे. मीही पाळला होता, तुम्हीही पाळा.

टपालासाठी कार्ड पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग कडक प्लास्टिकच्या खोळीत. खोळीचं तोंड रंगकामाच्या निळ्या टेपनं बंद करा आणि टेपचं टोक दुमडून ठेवा. पारदर्शक चिकटपट्टी लावणाऱ्यांचा मला राग येतो. ती सोडवताना कार्डाचा कोपरा जातो. दोन-तीन कार्डं साध्या लिफाफ्यात जातात, त्याहून जास्त असतील तर बुडबुड्यांचा लिफाफा घ्या.

आणि दुसऱ्या बाजूनं होकार आला की त्याच मिनिटाला ते कार्ड ‘हवं’ आणि ‘द्यायचं’ या याद्यांमधून काढा, टपाल पोचेपर्यंत थांबू नका. मी थांबले होते, म्हणून ३२० नंबरचा बॅरी बाँड्स एकाच आठवड्यात तीन राज्यांतून माझ्याकडे आला.