जुनी बस घरी नव्याने उभी करताना या चुका टाळा

जुन्या बसचं काम फसतं ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. आधी सांगाडा, मग इंजिन आणि ब्रेक, मग वायरिंग, नंतर काचा तात्पुरत्या लावून पाण्याची चाचणी, त्यानंतर रंग आणि सगळ्यांत शेवटी सीट. चाचणीत होजपाइपने खालून वर पाणी मारत जायचं आणि एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. पाणी जिथे टपकतं तिथूनच शिरलेलं असतं असं नाही. ते सांगाड्याच्या पाइपवरून दोन-तीन फूट वाहत येतं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि गळती सापडत नाही.

सगळे पत्रे एकदम उतरवणं

पुष्कळ बसमध्ये बाहेरचा पत्रा सांगाड्याला ताठ ठेवतो. दोन्ही बाजू एकाच वेळी मोकळ्या केल्या तर सांगाडा खचतो, मग दार लागत नाही आणि काचा चौकटीत बसत नाहीत. त्यामुळे आधी दार-खिडक्यांचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, आतून तिरपे आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. गंज शोधायचा तो चाकांच्या कमानींत, पायऱ्यांत आणि फ्लोअरच्या प्लायखाली. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर आत गेलं, तर तो तुकडा कापून नवा घालावा लागतो. पुट्टीने तो फक्त झाकला जातो.

ॲल्युमिनियमचा पत्रा उघड्या लोखंडावर ठोकू नका. मध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजतं, रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते आणि रंगाला फोड येतात. लोखंडाला इपॉक्सी प्रायमरचे दोन हात देऊन मध्ये सीलंट टेप लावा. जुन्या रिव्हेटचं फक्त डोकं ड्रिल करा, दांडा पंचाने बाहेर ढकला. ४.८ मिमी रिव्हेटला ४.९ मिमीचं भोक पुरतं. भोक मोठं झालं तर रिव्हेट खुळखुळतो. रंगाआधी ॲल्युमिनियमवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा आम्लयुक्त प्रायमर हवा, साधा प्रायमर पापुद्र्यांनी सुटतो.

बंद इंजिनला थेट स्टार्टर मारणं

वर्षानुवर्षं उभ्या इंजिनमध्ये पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असू शकतात. डिझेल इंजिनचे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक दिवस थांबा आणि क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका. दोन फेरे सहज झाले की इंजेक्टर बाहेरच ठेवून स्टार्टर मारा, म्हणजे जास्तीचं ऑइल उडून जाईल. भोकांवर वाकून मात्र बघू नका. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, कारण तळाशी साचलेल्या पाण्यात वाढलेला चिकट गाळ नवा फिल्टरही लगेच चोक करतो. मग इंजेक्टर परत बसवून डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली हवा काढा: आधी फिल्टरची, नंतर पंपाची आणि शेवटी नोझलच्या नटांची. पहिल्यांदा सुरू करताना इंजिनचं हवा ओढणारं तोंड बंद करायला जाड फळी हाताशी असू द्या. इंजिन पळत सुटलं, म्हणजे त्याचा वेग आपोआप वाढतच गेला, तर चावी बंद करून ते थांबेलच असं नाही.

नुसत्या जॅकवर भरवसा

रिकामी बससुद्धा कित्येक टन भरते. मातीवर जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळ्या किंवा लोखंडी प्लेट, चाकांना ठेप आणि चासीखाली वजनाला पुरतील असे स्टँड हवेतच. एअर सस्पेन्शनच्या बसखाली तर स्टँड लावल्याशिवाय हातही घालू नये. हवा निघाली की बॉडी खाली येते.

एअर ब्रेकमध्ये स्प्रिंग चेंबर (हवा गेली की ब्रेक लावणाऱ्या दाबलेल्या स्प्रिंगचा डबा) असेल, तर त्याचा क्लॅम्प घरी उघडूच नका. आतली स्प्रिंग जीव घेऊ शकते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ड्रमवर कॉम्प्रेसरची हवा मारणं आणि रंग कोरडा घासणं टाळा. ओल्या फडक्याने पुसा, वॉटर पेपर वापरा.

दिवे मंद म्हणून नवीन बॅटऱ्या घेणं

आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिन आणि बॉडीला गेलेली जोडणी, तपासा. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, तर अर्थिंगची पट्टी सोडून दोन्ही टोकं चकचकीत घासा. २४ व्होल्टच्या बसमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एकच बदलली तर जुनी नवीलाही लवकर मारते. वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा, आणि वेल्डिंगची अर्थिंग वायर जोडाच्या जवळच लावा.