खाणींवरून वाद पेटला तर ‘का’ नको, ‘कसं’ विचारा

गोव्याच्या डिचोली-सांग्यात खाणींचा विषय निघाला की एकाच घरातले दोघे दोन टोकांना जातात. तेव्हा “असं का वाटतं?” विचारू नका, समोरचा बहुधा आपल्याच बाजूची कारणं मोजत बसतो.

आधी त्याचं म्हणणं त्यालाच एका वाक्यात सांगा. “बरोबर” आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग विचारा, “हे प्रत्यक्षात कसं होणार?” लीजचा (खाणीच्या भाडेपट्ट्याचा) लिलाव, ट्रकांचा रस्ता, खंदकातल्या पाण्याचा उपसा, शेतातला गाळ, ट्रकमालकाच्या कर्जाचे हप्ते, एकेक पायरी घ्या. तो अडखळला तर थांबा, उत्तर पुरवू नका. नंतर आपल्या बाजूचंही तसंच सांगा. हे टाळलं तर ती उलटतपासणी होते.

ग्रामसभेत हे नकोच. चारचौघांत माघार घेणं जड जातं; सभा संपल्यावर बाहेर गाठा.