ज्वारीचा कोंब हलता करताना : शिक्षकांनी मिळून ॲनिमेशन वर्गात कसे आणावे

एकट्या शिक्षकाने ॲनिमेशनचे काम अंगावर घेतले, तर पहिल्या चित्रफितीनंतर ते बहुधा थांबते. म्हणून सुरुवात साधनांपासून न करता माणसांपासून करावी. केंद्राच्या (म्हणजे शाळासमूहाच्या) शिक्षण परिषदेच्या निमित्ताने जवळपासच्या शाळांमधील चार-पाच शिक्षकांनी एकत्र बसावे आणि त्यांत एकाला चित्रकलेची, एकाला विज्ञानाची, तर एकाला भाषेची गोडी असेल असे पाहावे.

त्यानंतर घटक निवडावा. ज्यात बदल हाच आशय आहे, असाच घटक घ्यावा. चंद्रकला, जलचक्र किंवा बीजाचे अंकुरण चालेल. फळांची नावे शिकवायला मात्र ॲनिमेशन कशाला, टोपलीभर फळे पुरतात.

सोलापूर परिसरात ज्वारीचा दाणा सर्वांत सोयीचा. तो कसा उगवतो, हे विद्यार्थ्यांना आधी आठवणीने पाच चित्रांत काढू द्यावे. कोणी मुळाआधी कोंब काढेल, कोणी त्याला वालासारखी दोन जाड दळे जोडेल. ही चित्रे खोडू नयेत, जपून ठेवावीत. मग काचेच्या बरणीत कडेला ओला टिपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये दाणे ठेवावेत आणि बरणी व मोबाइल जागचे न हलवता ठरावीक अंतराने छायाचित्रे घ्यावीत. आधी मूळ फुटते, मग कोंब येतो, दाणा खालीच राहतो आणि पहिले पान गुंडाळलेले वर सरकते, हे क्रमाने दिसू लागते. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ याच रीतीने चित्रित केली होती.

आता हाच क्रम कागदी तुकड्यांनी मांडावा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून दाणा, मूळ आणि पान कापावे, मोबाइल दोन बाकांमध्ये आडव्या पट्टीवर खाली तोंड करून घट्ट बसवावा आणि तुकडा किंचित सरकवून दर वेळी एक छायाचित्र घ्यावे. सेकंदाला 12 चित्रे धरली, तर 10 सेकंदांसाठी 120 लागतात. हा गुणाकार मुलांनाच करू द्यावा. जॅकार्ड मागावरच्या चादरीची नक्षी आलेखकागदावर चौकोन मोजून काढतात, हे ज्या घरांत ठाऊक आहे, तिथल्या मुलांना चित्र मोजण्याची ही शिस्त नवी वाटणार नाही. खिडकीतला उजेड ढगाबरोबर बदलतो आणि चित्रफीत लुकलुकते. त्यामुळे खिडकी झाकून एकाच दिव्याच्या उजेडात काम करावे आणि कॅमेऱ्याचा प्रकाश-समायोजनाचा पर्याय स्थिर ठेवावा.

गटाचा खरा उपयोग यापुढे आहे. बहुतेक गट तयार चित्रफीतच एकमेकांना पाठवतात, ती पाहिली जाते आणि विसरली जाते. त्याऐवजी सुटी छायाचित्रे, कापलेल्या तुकड्यांचे नमुने, मुलांची सुरुवातीची चुकलेली चित्रे आणि कुठे किती वेळ गेला याची नोंद, असे सगळे एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावे. मग एका शाळेचे मूळ आणि पान घेऊन दुसरी शाळा बाजरीचे अंकुरण करू शकते. आवाज चित्रांपासून वेगळा ठेवावा. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांच्याही शाळा आहेत. मूक चित्रफितीला प्रत्येक शाळेतील विद्यार्थी आपापल्या भाषेत निवेदन देऊ शकतात.

वर्गात चित्रफीत सलग दाखवू नये. मूळ फुटताच ती थांबवावी, पुढचे चित्र प्रत्येकाला वहीत काढायला लावावे आणि मगच पुढे चालू करावी.