होमबिल्ट विमानातलं मॉडिफाय केलेलं इंजिन: कागदपत्रं कशी करायची

अमेरिकेत स्वतःचं विमान बांधणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय, कारण इंजिनावर जीव ओतून काम करतात सगळे, पण कागदाची वेळ आली की घाई होते.

आधी एक गैरसमज काढतो, ५१ टक्क्यांचा नियम, म्हणजे विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यानेच करायचं, इंजिनाला लागत नाही, ते तयार विकत घेतलं तरी चालतं. एन नंबरसाठी, म्हणजे विमानाच्या नोंदणी क्रमांकासाठी, एफएएकडे (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे) अर्ज करायचा आणि सोबत फॉर्म ८०५०-८८, म्हणजे मालकीचं अ‍ॅफिडेव्हिट. त्यात इंजिनाचा मेक, मॉडेल, सिरीयल नंबर भरायचा असतो, तो जुन्या बिलावरून उतरवू नका, टॉर्च मारून इंजिनावरच्या माहितीच्या प्लेटवरच वाचा.

आता खरी मेख. समजा लायकमिंग ओ-३२० हे सर्टिफाइड, म्हणजे एफएएने मान्य केलेलं, इंजिन आहे आणि तुम्ही एक मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढून सर्टिफाइड नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तर एवढ्यानेच ते इंजिन सर्टिफाइड धरत नाहीत आणि फेज वनचं, म्हणजे ठरवून दिलेल्या भागातच करायचं सुरुवातीचं, टेस्ट फ्लाइंग साधारणपणे २५ ऐवजी ४० तास होतं. १५ तास वाचावेत म्हणून बदल लपवू नका हो, ते तास आपल्याच जिवासाठी आहेत. आणि परवानगीशिवाय प्लेट काढायची नाही, त्यावर खाडाखोडही नाही.

लॉगबुकात तारीख, टॅकोमीटरवरचे इंजिनाचे तास, काय काढलं, काय बसवलं, दोन्हीचे पार्ट आणि सिरीयल नंबर, इग्निशनचं टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) किती डिग्री ठेवलं आणि काम कोणी केलं, एवढं हवंच. "इग्निशन बदललं, ओके" एवढीच ओळ असलेलं लॉगबुक मी पाहिलंय, प्लेटवर २५ डिग्री कोरलेलं आणि प्रत्यक्षात किती ठेवलंय ते बांधणाऱ्यालाच आठवेना! वजन बदललं असेल तर वेट अँड बॅलन्सही, म्हणजे वजन आणि तोलाचा हिशोब, नवीन काढा.

विमान उडायला लागल्यावर मोठा बदल केलात तर आधी आपल्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स (एफएएने त्या विमानाला घालून दिलेल्या अटी) काढून वाचा, प्रत्येकाच्या थोड्या वेगळ्या असतात. साधारणपणे एफएएच्या स्थानिक ऑफिसला टेस्ट एरिया कळवायचा, पुन्हा निदान ५ तास फेज वन करायचं आणि विमान सुरक्षित असल्याचं त्या लिमिटेशन्समध्ये दिलेलं वाक्य जसंच्या तसं लॉगबुकात लिहून सही करायची.

पुढे विमान विकलंत की तुमचं रिपेअरमन सर्टिफिकेट, म्हणजे बांधणाऱ्याला त्याच विमानाची वार्षिक तपासणी करू देणारं, नव्या मालकाच्या नावावर होत नाही, दर वर्षीची ती तपासणी (कंडिशन इन्स्पेक्शन) तुम्ही करून दिली नाहीत तर त्याला साधारणपणे मेकॅनिककडून करून घ्यावी लागते, आणि त्या मेकॅनिकच्या हातात तुमचं लॉगबुकच असणार.