महिनाभर उभी असलेली ट्रायम्फ बॉनव्हिल सुरू करताना

ही माहिती 1963 ते 1969 या काळात इंग्लंडमधल्या मेरिडनच्या कारखान्यात बनलेल्या 650 सीसी बॉनव्हिल टी120 या मोटारसायकलबद्दल आहे.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर किकवर पाय ठेवण्याआधी ऑइल कुठे गेलंय ते बघा. या इंजिनाच्या तळात ऑइल साठवलेलं नसतं, ते वेगळ्या टाकीत असतं. पंपाचा एक प्लंजर (सरकणारा दट्ट्या) ते इंजिनात ढकलतो आणि दुसरा, जास्त क्षमतेचा, तळातलं ओढून टाकीत परत पाठवतो. गाडी काही आठवडे हलली नाही की पंपातल्या गोळीच्या व्हॉल्व्हमधून ऑइल झिरपत इंजिनाच्या तळात उतरतं. टाकी रिकामी दिसते, मालक वरून लिटरभर ओततो आणि तिथेच चुकतो. मग किक मारली की सायलेन्सरमधून निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल.

म्हणून आधी इंजिनाखाली स्वच्छ ट्रे ठेवून तळाचा ड्रेन बोल्ट काढा. त्याच्याबरोबर जाळी निघते, ती रॉकेलने धुवा. जाळीत धातूचा चुरा चमकत असेल तर गाडी सुरू करू नका, आधी बेअरिंग तपासून घ्या. निघालेलं ऑइल स्वच्छ असेल तर परत टाकीत घाला.

हे झिरपणं थांबवायला ऑइलच्या पाइपात कॉक बसवायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. कॉक उघडायचा एकदा विसरला की इंजिन जाम होतं. पंप उघडून गोळी आणि तिची बैठक साफ करणं हाच खरा इलाज.

आता इग्निशन बंद ठेवून क्लच दाबा आणि दोन-तीनदा किक मारा. चिकटलेल्या क्लच प्लेटा सुटतात. नाहीतर पहिला गिअर टाकताच गाडी उडी घेते. पेट्रोल चालू करा, दोन्ही अमल कार्ब्युरेटरचे टिकलर (वरची छोटी बटणं) पेट्रोल पाझरेपर्यंत दाबा. इग्निशन चालू करा, किक हळू दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत आणा, ते जरासं ओलांडा आणि मग अंगाचा भार टाकून पूर्ण किक मारा.

गाडी सुरू झाली की लगेच टाकीचं झाकण उघडा. रिटर्न पाइपच्या तोंडातून ऑइल बुडबुड्यांसकट, थुंकल्यासारखं तुटक पडायला हवं. सलग धार असेल तर तळ अजून भरलेला आहे, थोडा वेळ थांबा. काहीच येत नसेल तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. पातळी मोजायची ती थोडं फिरवून आणल्यावरच.

जुनी बुलेट चालवलेल्यांनी इथे सांभाळून. गिअर तिच्यासारखाच उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, पण बुलेटचा पहिला वर पडतो, हिचा खाली.

टाकीत साधारण 3 लिटर 20डब्ल्यू50 ऑइल लागतं, गिअरबॉक्समध्ये 500 मिली, प्रायमरी चेनकेसमध्ये (इंजिन ते क्लच चेनच्या डब्यात) 350 मिली. जाळीशिवाय दुसरा फिल्टर नाही, त्यामुळे इंजिन ऑइल दर 2,400 किलोमीटरला बदला. टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) थंड इंजिनावरच लावा: इनलेट 0.05 मिमी, एक्झॉस्ट 0.10 मिमी. एका बाजूचा इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना दुसऱ्या बाजूचा लावायचा, एक्झॉस्टचंही तसंच. काम झालं की रॉकरच्या (टॅपेटवरच्या) चारही टोप्या नीट आवळा, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा हात लावून बघा. कंपनांनी त्या सैल होऊन रस्त्यात पडतात.

मिलिमीटरचा पाना चालवू नका, नटाचे कोपरे उडतात. व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने घ्या. बॅटरी बदलताना पॉझिटिव्ह टोक चासीला जोडायचं. आपल्याकडच्या मेकॅनिकचा हात सवयीने निगेटिव्ह जोडतो आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जळतो, म्हणून बॅटरीजवळ लाल रंगात तसं लिहूनच ठेवा.